पाटी, परवाना आणि वॉर्ड

बारावीचे निकाल लागले की घाटकोपर ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली, प्रत्येक स्टेशनबाहेरच्या भिंतीवर, रिक्षांच्या पाठीवर आणि विजेच्या खांबांवर एकाच तऱ्हेचा मजकूर चिकटतो. नर्सिंगचे प्रवेश सुरू. दहावी पासही चालेल. सहा महिन्यांत प्रमाणपत्र, शंभर टक्के नोकरी. खाली मोबाइल नंबर. संस्थेचं नाव बहुतेक वेळा नसतंच. असलं तरी ती कोणत्या हॉस्पिटलला जोडलेली आहे, याचा पत्ता नसतो. या प्रकरणाचा विषय तो न छापलेला तपशील आहे.

या सहा महिन्यांच्या कोर्सचं काय करायचं ते आधी बघू. जनरल ड्युटी असिस्टंट, बेडसाइड असिस्टंट अशा नावांनी तो चालतो आणि त्या कामाला उपनगरांत तोटा नाही. मुलगा अमेरिकेत आणि आईवडील मुलुंडला अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे बारा-बारा तासांच्या पाळीने ब्यूरोकडून बाई येते, पेशंटला अंघोळ घालते, कूस बदलते, भरवते. घरातले तिला ‘सिस्टर’ म्हणतात. काम कष्टाचं आहे, इमानाचं आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र कायद्याच्या लेखी ती नर्स नसते. ते सहा महिने पुढे नर्सिंगच्या कोणत्याही अभ्यासक्रमात धरलेही जात नाहीत. ज्या मुलीला हेच काम करायचं आहे, तिने हा कोर्स खुशाल करावा. ‘इथून पुढे नर्स होता येतं’ असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावं.

महाराष्ट्रात नर्स म्हणजे जिचं किंवा ज्याचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत आहे ती व्यक्ती. त्या नोंदवहीकडे जाणाऱ्या वाटा मोजक्या आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते आणि पुढे उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर काम मिळतं. जीएनएम तीन वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेतून, पण इंग्रजी हवं आणि ४० टक्के गुण हवेत. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी विज्ञान लागतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आणि खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जीएनएम आणि बी.एस्सी.ला मुलगेही जातात. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.

ही नोंदवही आली कुठून, हे ठाऊक असलं की पुढचा सगळा कागदी गुंता सुसह्य होतो. परिचर्येच्या इतिहासाची पुस्तकं सांगतात की १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत मुंबईत या शिक्षणासाठी आल्या आणि त्या पहिल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका मानल्या जातात. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्तांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या प्रशिक्षणाला पाठवायला सुरुवात केली तेव्हा पांढरपेशा घरांत मोठी खळबळ झाली होती. त्या काळी प्रत्येक हॉस्पिटल आपल्याला वाटेल तेवढं शिकवत असे आणि आपल्याच शिक्क्याचं प्रमाणपत्र देत असे. एका हॉस्पिटलच्या प्रमाणपत्राला दुसऱ्या हॉस्पिटलात किंमत असेलच असं नव्हतं. मुंबई इलाख्यात यातून मार्ग काढण्यासाठी १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन उभी राहिली आणि प्रशिक्षणात, परीक्षांत एकसारखेपणा यायला लागला. पुढे १९३५ मध्ये परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर निरनिराळ्या विभागांतले जुने कायदे बाजूला ठेवून १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला. आजची परिषद त्याच कायद्याखाली चालते. म्हणजे जे कोण्या एका हॉस्पिटलच्या मर्जीवर होतं ते सार्वजनिक नोंदीवर आणायला मुंबईला अर्धं शतक लागलं. आज जेव्हा एखादी संस्था ‘आमचं स्वतःचं प्रमाणपत्र मिळेल, ते सगळीकडे चालतं’ असं सांगते, तेव्हा ती आपल्याला १९०९ च्या मागे नेत असते.

आता मान्यतेकडे वळू. पालक विचारतात, ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना?’ आणि काउंटरवरचा माणूस हो म्हणतो. प्रश्नच मोघम असल्यामुळे उत्तर खोटं ठरत नाही. नर्सिंगमध्ये मान्यता ही एक वस्तू नाही. वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळणाऱ्या परवानग्यांचा तो जुडगा आहे. राज्य सरकारचा शासन निर्णय संस्थेला अभ्यासक्रम सुरू करू देतो. महाराष्ट्र परिचर्या परिषद तपासणी करून मान्यता देते आणि तिथून उत्तीर्ण झालेल्यांची नोंदणी करते. परीक्षा घेणारं मंडळ मात्र वेगळं. बी.एस्सी.साठी बहुतेक ठिकाणी ते म्हणजे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जे १९९८ मध्ये स्थापन झालं. जीएनएम आणि एएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ, ज्याचा कायदा २०१३ चा आहे. याखेरीज काही अभिमत आणि खाजगी विद्यापीठं स्वतःच पदवी देतात. चर्चगेटचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून एसएनडीटी विद्यापीठाचं आहे. यांतली कोणतीही एक कडी गळली की साखळी तुटते. मुलगी चार वर्षं शिकते, गुणपत्रिका हातात येते आणि नोंदणीच्या वेळी अर्ज अडतो.

म्हणून ‘मान्यता आहे का’ असं विचारू नये. ‘या अभ्यासक्रमाला, या शैक्षणिक वर्षासाठी, किती जागांची मान्यता आहे, तिचं पत्र दाखवा’ असं विचारावं. या वाक्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. एखाद्या संस्थेला जीएनएमची मान्यता असते आणि तिच्या पाटीवर बी.एस्सी. रंगवलेलं असतं. कुठे पत्र तीन वर्षांपूर्वीचं असतं. सगळ्यांत त्रासदायक प्रकार जागांचा. चाळीस जागा मंजूर असताना साठ मुलं भरली, तर वर्ग नेहमीसारखाच भरतो, गणवेश सगळ्यांना सारखाच मिळतो, पण वरच्या वीस जणांची नावं परीक्षा मंडळाकडे जात नाहीत, किंवा दुसऱ्याच कुठल्या संस्थेच्या नावाने जातात. हे कळतं ते पहिल्या परीक्षेच्या तोंडावर. तोपर्यंत फी भरून झालेली असते आणि वर्ष गेलेलं असतं.

भारतीय परिचर्या परिषद दिल्लीची. तिचा कायदा १९४७ चा. अभ्यासक्रम काय असावा, शिक्षक किती असावेत, हॉस्पिटल केवढं असावं हे तीच ठरवते. पुष्कळ जाहिरातींत ‘आयएनसी मान्यता’, म्हणजे याच परिषदेची मान्यता, ठळक छापलेली असते. इथे एक बारकावा आहे. २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निकाल दिला की संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार या कायद्याने केंद्रीय परिषदेला दिलेला नाही. तिचा अधिकार शैक्षणिक अर्हतांपुरता आहे. तेव्हापासून परिषद संस्था ‘योग्य’ आहे की नाही एवढंच तपासणीनंतर सांगते. ते निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या राज्यात नोंदणी हलवायची असेल, एम्सच्या नॉरसेटसारखी परीक्षा द्यायची असेल किंवा परदेशी जायचं असेल तेव्हा दिल्लीच्या परिषदेचे निकष पाळलेले असणं उपयोगी पडतं. पण राज्य परिषदेची मान्यता नाही आणि फक्त दिल्लीचं नाव सांगितलं जातंय, असं असेल तर पाऊल मागे घ्यावं.

त्यात आणखी एक वळण आलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर झाला. १९४७ च्या परिषदेची जागा आयोगाने घ्यायची, राज्यांत राज्य आयोग यायचे आणि संस्थांचं मूल्यांकन करून त्यांना दर्जा देणारं स्वतंत्र मंडळ असायचं, अशी त्याची रचना आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत पत्रांवरची नावं आणि शिक्के बदलत जातील. जुन्या नावाचं पत्र दिसलं म्हणून ते खोटं ठरत नाही आणि नव्या नावाचं दिसलं म्हणून खरंही ठरत नाही. पत्राचा क्रमांक घेऊन तो संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहावा.

पाटीवरच्या बाकीच्या अक्षरांचं काय? नॅक हे महाविद्यालयांचं गुणांकन आहे. ते चांगलंच, पण त्याचा नोंदणीशी संबंध नाही. एनएबीएच हे हॉस्पिटलच्या सेवेच्या दर्जाचं प्रमाणपत्र आहे, शिक्षणाचं नव्हे. आयएसओ प्रमाणपत्र कार्यपद्धतीचं असतं आणि ते कोचिंग क्लासलाही मिळतं. ही तिन्ही एका पाटीवर चमकत असतील आणि परिषदेचं नाव बारीक अक्षरांत असेल, तर अक्षरांचा आकार पुरेसं सांगून जातो.

कागद चोख असले तरी भागत नाही, हे मध्य प्रदेशाने दाखवून दिलं. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांबद्दल तक्रारी झाल्या. काहींना इमारत नव्हती, काहींना हॉस्पिटल नव्हतं आणि तरी मान्यता होती. उच्च न्यायालयाने सीबीआयला तपासणीला लावलं. तीनशेहून अधिक महाविद्यालयं तपासली गेली. मग मे २०२४ मध्ये त्या तपासणीतल्याच सीबीआय अधिकाऱ्याला महाविद्यालयांकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. दरम्यान हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. मुंबईच्या उपनगरांतल्या वाचकाला हे दूरचं वाटेल, पण ‘फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघू’ असं सांगून परराज्यातल्या महाविद्यालयांत जागा मिळवून देणारे एजंट इथल्याच पोटमाळ्यांवर ऑफिस थाटून बसतात. नर्सिंगला घरबसल्या शिकण्याची सोयच नाही. परिषदेच्या नियमांप्रमाणे परीक्षेला बसायला थिअरीत आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. सूट मागायची जागाच तिथे ठेवलेली नाही. ती का ठेवलेली नाही, हे एकदा रात्रपाळीला आयसीयूबाहेर बसलेल्या कुठल्याही नातेवाइकाला विचारावं.

इथवर परवान्याचं झालं. तो नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही. तो असेल, तर खरी निवड आता सुरू होते आणि माझ्या मते ती निवड कॉलेजची नाहीच. ती वॉर्डची आहे.

नर्सिंगचा विद्यार्थी वर्गात बसतो त्याच्याइतकाच किंवा जास्त वेळ पेशंटच्या उशाशी असतो. म्हणून संस्थेला स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल असावं, असा निकष आहे. त्याला पॅरेंट हॉस्पिटल म्हणतात. शिवाय खाटा भरलेल्या असाव्यात, सरासरी ७५ टक्के तरी. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. ट्रस्टच्या कॉलेजला त्याच ट्रस्टचा कुणी सदस्य आपलं हॉस्पिटल देत असेल, तर ते हॉस्पिटल किमान ३० वर्षं दुसऱ्या कोणत्याही नर्सिंग संस्थेला देणार नाही, असं हमीपत्र द्यावं लागतं. कायदा करणाऱ्यांना माणसांचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. एकच हॉस्पिटल चार कॉलेजांच्या कागदांवर दिसू नये म्हणून हे कलम आहे.

आता साधा गुणाकार करून पाहा. बी.एस्सी.ला दरवर्षी ६० जागा असतील तर चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात. सगळे एकाच वेळी वॉर्डात नसतात. निम्मे जरी असले तरी १२० विद्यार्थी, म्हणजे ३६० रुग्ण हवेत. शंभर खाटांचं हॉस्पिटल ही गरज भागवूच शकत नाही. म्हणून कॉलेजं इतर हॉस्पिटलांशी करार करतात. ही संलग्न हॉस्पिटलं १५ ते ३० किलोमीटरच्या आत असावीत, असा नियम आहे. अशी संलग्नता असण्यात वावगं काही नाही, उलट ती लागतेच. पण कोणती हॉस्पिटलं, कोणत्या वर्षी, किती आठवडे, आणि तिथे आपले शिक्षक सोबत असतात की विद्यार्थ्यांना वॉर्डच्या सिस्टरच्या हवाली करून ते परततात, हे विचारलं पाहिजे. उत्तर तयार असेल तर ते रोटेशन प्लॅनच्या कागदावर असतं. कॉलेजकडे तो कागद नसेल, असं होऊच शकत नाही.

हॉस्पिटल सरकारी की खाजगी, यावर उपनगरांतल्या घरांत मोठी खडाजंगी होते. अंधेरीत दोन्ही तऱ्हा दिसतात. पूर्वेला महाकाली केव्हज रोडवर होली स्पिरिट हॉस्पिटल आहे. ख्रिस्ती धर्मभगिनींनी उभारलेलं ते ट्रस्टचं हॉस्पिटल आणि त्याला जोडून नर्सिंगचं शिक्षण. पश्चिमेला फोर बंगलोजमध्ये कोकिलाबेन अंबानी हॉस्पिटल आणि त्याचं नर्सिंग कॉलेज. शहराकडे गेलं तर महापालिकेची केईएम, नायर, सायन ही हॉस्पिटलं आणि त्यांच्या नर्सिंग शाळा. भायखळ्याला जे. जे.च्या आवारात सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन. ही नावं शिफारस म्हणून दिलेली नाहीत. तऱ्हा किती निराळ्या असतात ते कळावं, एवढ्यासाठी दिली आहेत.

मोठ्या खाजगी हॉस्पिटलात यंत्रं नवी असतात. इन्फ्युजन पंप, व्हेंटिलेटर, संगणकावरच्या नोंदी, संसर्ग रोखण्याची कडक शिस्त. हे सगळं पहिल्या वर्षापासून डोळ्यांसमोर असतं. मात्र पैसे मोजणारा पेशंट विद्यार्थिनीच्या हातून सलाइन लावून घ्यायला सहज तयार होत नाही आणि हॉस्पिटलही त्याला दुखवायला तयार नसतं. प्रसूतिगृहात हा फरक फार जाणवतो. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला मिडवाइफरी शिकावी लागते. नैसर्गिक बाळंतपणं स्वतःच्या हाताने, देखरेखीखाली करावी लागतात आणि त्यांची नोंद वहीत दाखवावी लागते. ज्या हॉस्पिटलात बहुतेक बाळंतपणं ठरलेल्या डॉक्टरांकडची आणि त्यांतली बरीच सिझेरियन, तिथे या नोंदी कुठून येणार? सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलात याच्या नेमकं उलट. तिथे केसेसचा पूर आणि शिकवायला वेळ कमी. मनुष्यबळ अपुरं असलं की विद्यार्थिनी चक्क कामाचे हात होऊन बसते. ताप, नाडी, श्वास मोज, सॅम्पल पोचव, बेड लाव. तीन वर्षांत तिचा हात तयार होतो यात शंका नाही, पण ‘का’ हा प्रश्न विचारायला सवड मिळतेच असं नाही. माझा कौल विचाराल तर पॅरेंट हॉस्पिटल कोणतंही असो, रोटेशनमध्ये एक तरी मोठं सार्वजनिक हॉस्पिटल असलेली संस्था घ्यावी. ज्या संस्थेत ते नाही ती कितीही चकचकीत असली तरी मी ती यादीत खाली ढकलेन.

मानसोपचाराची पोस्टिंग हा दुर्लक्षित मुद्दा आहे. आपल्याकडे त्यासाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचं. मुंबईतल्या अनेक कॉलेजांच्या मुली तिथे जातात. पालकांना सुरुवातीला धास्ती वाटते. पण जिथे ही पोस्टिंग खरोखरची होते तिथल्या मुली बोलायला शिकतात, ऐकायला शिकतात, आणि पुढे मेडिकल वॉर्डात घाबरलेल्या पेशंटशी त्या कशा वागतात यावरून ते कळतं. ज्या कॉलेजात ‘सायकियाट्री एका आठवड्यात उरकली’ असं विद्यार्थी सांगतात तिथे इतर पोस्टिंगही उरकल्याच जात असणार, असं खुशाल समजावं. सामुदायिक आरोग्याचंही तसंच. वस्तीत जाऊन घरोघरी भेटी होतात की वर्गात बसून वह्या भरल्या जातात, हे वस्तीचं नाव विचारलं की उघड होतं.

हे सगळं विचारायचं कुणाला? प्राचार्यांना विचारावं, पण त्याआधी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना. दुपारी दोनच्या सुमारास सकाळची ड्युटी संपते. गणवेशातल्या मुली हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बसस्टॉपवर, रिक्षाच्या रांगेत भेटतात. दमलेल्या असतात, पण मोकळेपणाने बोलतात. आजवर किती बाळंतपणं केली? वॉर्डात मॅडम सोबत असतात का? तुमच्या आधीच्या बॅचचं रजिस्ट्रेशन किती दिवसांत झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत मोलाचं. मागच्या बॅचला परिषदेकडून परिचारिका आणि सुईण म्हणून (आरएन, आरएम) नोंदणी आणि केंद्राचा एनयूआयडी क्रमांक सुरळीत मिळाला असेल, तर कागदपत्रांची निम्मी तपासणी त्या मुलींनीच आपल्यासाठी करून ठेवलेली आहे. आणि पाठ्यनिर्देशिका दरवर्षी बदलतात का, हेही हळूच विचारून घ्यावं. तपासणीच्या दिवसापुरते उगवणारे शिक्षक हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे.

उपनगरांत राहणाऱ्यांना प्रवासाचा हिशेब चुकवता येत नाही. सकाळची ड्युटी सातच्या आसपास लागते. बोरिवलीहून अंधेरीला जाणं आता मेट्रो २अ आणि ७ मुळे सोपं झालं आहे. २०२३ च्या जानेवारीत हे मार्ग पूर्ण सुरू झाले. मुलुंडहून अंधेरीला घाटकोपरपर्यंत लोकल आणि तिथून २०१४ पासून चालणारी मेट्रो. पण बोरिवलीहून भायखळा म्हणजे दादरला उतरून पूल ओलांडून मध्य रेल्वे, तीही ऐन गर्दीत. रात्रपाळी सुरू झाली की प्रश्न आणखी वेगळा होतो. होस्टेल असलेलं कॉलेज दूर असलं तरी चालेल. होस्टेल नसलेलं दूरचं कॉलेज पहिल्या वर्षीच्या हुरूपात पेलतं आणि तिसऱ्या वर्षी पेलत नाही. होस्टेलची फी फीमध्येच धरलेली आहे की वेगळी, मेस सक्तीची आहे का, हे आधीच लिहून घ्यावं.

आता पैशाचं. राज्यात बी.एस्सी. नर्सिंगसाठी सीईटी कक्ष प्रवेश परीक्षा घेतो आणि त्यानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्या होतात. विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयाने किती फी घ्यावी, हे २०१५ च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडा जाहीर करतं. तो आकडा मोबाइलमध्ये घेऊनच कॉलेजात जावं. त्यावर ‘डेव्हलपमेंट’, ‘क्लिनिकल चार्जेस’ असं म्हणून कुणी वेगळी रोख रक्कम मागत असेल आणि पावती देत नसेल, तर १९८७ पासून महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर कायद्याने बंदी आहे, हे लक्षात असू द्यावं.

कॅपमधूनच प्रवेश घेण्याचं आणखी एक भरभक्कम कारण आहे आणि ते एजंट कधीच सांगत नाहीत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. ही सवलत केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे. संस्थेच्या कोट्यातून किंवा खाजगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर ती हातची जाते. ‘फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा’ या वाक्याची किंमत एखाद्या रिक्षावाल्याच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या घराला काही लाखांत पडू शकते.

त्यासाठी दाखले मात्र वेळेत हवेत. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमी लेयर आणि आरक्षित प्रवर्गासाठी जात वैधता. मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये शहरापासून वेगळा झाला. त्याची जिल्हाधिकारी कचेरी वांद्र्याला आहे आणि तालुके तीन, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर-मुलुंडकर कुर्ला तालुक्यात येतात, पण कुर्ला तहसीलची कचेरी आहे मुलुंडला. दरवर्षी जूनमध्ये काही घरं कुर्ला स्टेशनवर उतरून ती शोधत असतात. जात वैधतेला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, तेव्हा ते प्रकरण अकरावीतच दाखल करावं.

प्रवेश घेताना दोन गोष्टींना ठाम नकार द्यावा. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजकडे कायमची ठेवायला आणि कोऱ्या बाँडवर सही करायला. काही हॉस्पिटलं शिक्षण झाल्यावर एक-दोन वर्षं त्यांच्याकडेच नोकरी करण्याचा करार करून घेतात. तो मान्य असेल तर असो. त्या काळातला पगार, आणि मध्येच सोडल्यास भरायची रक्कम कागदावर स्पष्ट हवी. मूळ कागद अडकून पडले की परदेशी अर्ज राहतोच, पण शेजारच्या हॉस्पिटलातली नोकरीही अडते.

परदेशाची ओढ आज बऱ्याच मुलांना या वाटेवर आणते, म्हणून तेही सांगतो. ब्रिटनचं नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल असो की अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा, सुरुवात आपल्या इथल्या नोंदणीपासून आणि शिकलेल्या तासांच्या ट्रान्सक्रिप्टपासून होते. कोणत्या विषयाचे किती तास वर्गात आणि किती वॉर्डात, हे कॉलेजला लिहून द्यावं लागतं आणि परिषदेला पडताळून पाठवावं लागतं. ज्या संस्थेने ते तास प्रत्यक्षात घेतलेलेच नसतात, ती दहा वर्षांनी चालू असेल का, आणि चालू असली तरी तिच्याकडे जुनी दफ्तरं सापडतील का, याचा विचार अठराव्या वर्षी कुणी करत नाही. परदेशात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या कॉलेजपेक्षा दफ्तर नीट ठेवणारं कॉलेज जास्त उपयोगाचं.

शेवटचा प्रश्न घराघरांत येतो तो असा. बी.एस्सी.ला चांगल्या ठिकाणी जागा मिळाली नाही, मग कुठल्या तरी कॉलेजात बी.एस्सी. घ्यायचं की चांगल्या हॉस्पिटलच्या शाळेत जीएनएम? शेजारीपाजारी पदवीच्या बाजूने बोलतील. माझं मत उलट आहे. भरलेल्या वॉर्डांच्या हॉस्पिटलात तीन वर्षं जीएनएम करावं, नोंदणी घ्यावी, स्टाफ नर्स म्हणून पगार सुरू करावा आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं. पदवी निदान एका वर्षाने उशिरा मिळते, इतकाच फरक पडतो. रिकाम्या खाटांच्या हॉस्पिटलात काढलेली चार वर्षं मात्र नंतर कोणत्याही पोस्ट बेसिकने भरून निघत नाहीत.